ओळख पटते ती कोणाला?

आपणा प्रत्येकाला कधी ना कधी विचारला गेलेला असा एक प्रश्न आहे. लग्नाच्या मांडवात, एस. टी.च्या थांब्यावर किंवा आठवड्याच्या बाजारात कोणी एकदम पुढे येऊन उभा राहतो, हसतो आणि विचारतो, "काय, ओळखलंत का?" त्या क्षणी आपली जी तारांबळ उडते ती काही विचारू नका. चेहरा ओळखीचा वाटतो, नाव जिभेवर येत नाही, आणि तोंडातून मात्र निघून जाते, "अरे, ओळखलं म्हणजे काय! ये, ये, बस."

मी कल्याणजवळच्या मोहन्याचा. उल्हास नदीच्या काठचे हे गाव. मुळातली आगरी-कोळी वस्ती. पुढे रेयॉनचा मोठा कारखाना आला आणि त्याच्यामागून घाटावरची, कोकणातली, उत्तरेकडची माणसे येथे येऊन राहिली. तो कारखाना २००९ साली बंद पडला. आता आंबिवली स्टेशनच्या फलाटावर जुन्या खात्यातले दोघे जण अवचित भेटले, की हाच प्रश्न कानी पडतो. कोणी लगेच 'हो' म्हणतो, कोणी बराच वेळ निरखून पाहतो आणि मग म्हणतो, "नाही हो, चुकताय तुम्ही." माझ्या स्वतःच्या पेशात तर हे नित्याचेच. जुना विद्यार्थी भेटतो, "सर, ओळखलंत का?" असे विचारतो, आणि त्याचा हिरमोड होऊ नये म्हणून मी 'हो' म्हणतो. आता मला सांगा, हा 'हो' माझ्या स्मरणशक्तीने दिलेला की माझ्या संकोचाने?

आजच्या भाषणाचा विषय हाच आहे. ओळख पटणे ही निव्वळ आठवणीची गोष्ट आहे असे आपण धरून चालतो. पण तिचे दोन भाग आहेत. पहिला भाग म्हणजे समोरचे रूप पाहून मनात उठणारी जाण. दुसरा भाग म्हणजे त्या जाणिवेवर विसंबून आपण घेतलेला निर्णय, की 'होय, हा तोच' किंवा 'नव्हे, हा तो नव्हे'. हा निर्णय माणसाच्या वयाप्रमाणे, परिचयाप्रमाणे, समाजातील स्थानाप्रमाणे आणि त्याला काय गमवायचे वा मिळवायचे आहे त्याप्रमाणे बदलतो. आणि या निर्णयावर कधी कधी एखाद्याचा प्राण, तर कधी एखादे राज्यसुद्धा अवलंबून असते. हे म्हणणे पटावे म्हणून आपल्याच इतिहासातली एक हकीकत सांगतो.

पण त्याआधी एक साधा दाखला घेऊ. रात्री शेतात माळ्यावर बसलेला राखणदार डोळ्यांपुढे आणा. पिकात खसखस होते. रानडुक्कर आले की नुसता वारा? राखणदार दोन तऱ्हांनी चुकू शकतो. वारा असताना तो डुक्कर समजून आरोळी ठोकील, ही एक चूक. डुक्कर आलेले असताना तो वारा समजून पडून राहील, ही दुसरी. काल रात्री ज्याचे अर्धे शेत फस्त झाले तो पान हलले तरी ओरडतो. ज्याचे पीक आधीच घरात आले तो कूस बदलून झोपतो. दोघांचे कान सारखेच. पण 'आता ओरडायचे' ही रेघ प्रत्येकाने वेगवेगळ्या ठिकाणी ओढलेली आहे. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यावर दिसणारा ठिपका विमानाचा की आणखी कशाचा हा प्रश्न पडला, त्यातून या दोन चुकांचे शास्त्र उभे राहिले. पुढे मानसशास्त्रज्ञांनी तेच शास्त्र स्मरणाला लावले. त्यांनी सांगितले, की माणसाने किती ओळखले एवढेच मोजू नका. त्याने न पाहिलेल्यालाही किती वेळा 'ओळखीचा' म्हटले तेही मोजा. तेव्हा कोठे त्याची आठवण किती आणि त्याची रेघ कोठे, हे वेगवेगळे कळते.

आता आपल्या हकीकतीकडे वळू.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले. विश्वासराव पडले, सदाशिवरावभाऊ गर्दीत दिसेनासे झाले, आणि हजारो घरांतले कर्ते पुरुष परत आले नाहीत. रणावर मृत्यू आला हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिले तेही बहुतेक तेथेच राहिले. घरी राहिलेल्यांना खात्रीची बातमी सांगायला कोणी उरले नाही. नानासाहेब पेशवे त्याच वर्षी जूनमध्ये पर्वतीवर वारले. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई स्वतः त्या मोहिमेत होत्या. त्या दक्षिणेत परत आल्या, परंतु आपण विधवा झालो हे त्यांनी मान्य केले नाही. १७८३ मध्ये त्या वारल्या, तोपर्यंत म्हणजे बावीस वर्षे त्या सौभाग्याची चिन्हे धारण करून होत्या.

शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने या युद्धाची हकीकत सुमारे वीस वर्षांनी लिहून ठेवली. तीत भाऊसाहेबांचे प्रेत कसे ओळखले ते दिले आहे. प्रेताला शिर नव्हते. म्हणजे चेहऱ्यावरून ओळखण्याचा प्रश्नच नव्हता. मग कशावरून ओळखले? मांडीवर रुपयाएवढा काळा डाग होता. पाठीवर मुजफरखानाच्या कट्यारीच्या जखमेचा जुना वण होता. भाऊसाहेब रोज मोठ्या संख्येने सूर्यनमस्कार घालीत. त्याचे घट्टे गुडघ्यांवर व हातांवर होते. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढे आपल्याला तिच्याकडे परत यायचे आहे.

पानिपतानंतर तीनचार वर्षांतच बुंदेलखंडाकडे एक मनुष्य प्रकट झाला आणि आपण भाऊसाहेब आहोत असे सांगू लागला. तो कनोजा ब्राह्मण होता. त्याचे नाव कोठे सुखनिधान तर कोठे सुखलाल असे येते. त्याला पकडून पुण्यास आणले, माधवराव पेशव्यांनी चौकशी करविली आणि तो तोतया ठरला. माधवरावांनी त्याला देहान्त शासन न देता कैदेत ठेवले. या किल्ल्यावरून त्या किल्ल्यावर असे करीत तो शेवटी रत्नागिरीस आला.

यानंतर काळ पालटला. १७७२ मध्ये माधवराव गेले. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला. १७७६ साली गादीवर होते सवाई माधवराव, वय वर्षे दोन. कारभार नाना फडणीस आणि सखारामबापू यांच्या हाती. राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला गेलेले. अशा वेळी रत्नागिरीचा सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे याने या कैद्याला मोकळे केले आणि 'भाऊसाहेब' म्हणून पुढे आणले. बघता बघता हजारो माणसे त्याच्याभोवती जमली. कोकणातले किल्ले त्याच्या हाती आले. तो बोरघाट चढला आणि राजमाचीपर्यंत पोहोचला. माझ्या मोहन्यावरून जी उल्हास नदी वाहते ती त्याच राजमाचीच्या डोंगरात उगम पावते. तेव्हा कल्याणकरांना ही काही फार लांबची गोष्ट नव्हे. राजमाचीवर असताना लोक शरण येऊ लागल्याचे निरोप त्याला येत होते. त्यात तो गुंगला असता पेशव्यांच्या सरदारांनी, महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी, त्याला गाठले आणि त्याचा मोड केला. तो कोकणात उतरला, गलबतात बसून मुंबईकडे निघाला आणि रघोजी आंग्र्यांच्या हाती सापडला. पुण्यात त्याची पुन्हा चौकशी झाली. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे तीत होते. डिसेंबर १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झाले. पुढे न. चिं. केळकरांनी 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले, त्यामुळे ही हकीकत महाराष्ट्रात घरोघर पोचली.

नाटकात तोतया रंगतो हे खरे. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने तोतयाकडे न पाहता त्याला ओळखणाऱ्यांकडे पाहावे. कोण 'होय' म्हणाले, कोण 'नाही' म्हणाले?

पहिली गोष्ट वयाची. भाऊसाहेबांचा जन्म १७३० चा. पानिपतावर ते तीस वर्षांचे होते. १७७६ मध्ये जिवंत असते तर शेहेचाळीस वर्षांचे असते. तीस आणि शेहेचाळीस यांत माणसाचा चेहरा किती बदलतो हे आपण आपल्या लग्नातला फोटो काढून पाहिले तर कळेल. आता १७७६ मध्ये तोतयाच्या फौजेत जो वीस वर्षांचा शिलेदार असेल, तो पानिपताच्या वेळी पाच वर्षांचा होता. त्याने भाऊसाहेबांना कोठे पाहिले असणार? पंचवीस वर्षांचा जो असेल तो तेव्हा दहाचा. म्हणजे फौजेतल्या तरुणांनी भाऊसाहेबांना 'ओळखले' असे आपण म्हणतो, ते बरोबर नाही. त्यांनी चेहरा ओळखला नाही, नाव ओळखले. लहानपणापासून कानावर आलेल्या मोठ्या नावाला समोर एक अंग मिळाले, इतकेच.

दुसरी गोष्ट परिचयाची. भाऊसाहेबांचे आयुष्य पुण्यात, दप्तरात आणि मोहिमांवर गेले. कोकणातल्या कुळवाड्याने किंवा गडावरच्या शिबंदीने त्यांना जवळून पाहण्याचा प्रसंग क्वचितच. उलट या कैद्याला किल्ल्यावरच्या पहारेकऱ्यांनी रोज पाहिलेले. 'हा स्वतःला भाऊसाहेब म्हणवतो' असे पहिल्या दिवशी ऐकले; वर्षे गेली, 'म्हणवतो' हा शब्द गळून पडला आणि चेहरा व नाव तेवढे एकमेकांना चिकटून राहिले. मनाचा हा धर्मच आहे. चेहरा ओळखीचा आहे हे मनाला आठवते. तो कोठे व कोणाकडून ओळखीचा झाला हे आधी विसरते.

उलट बाजूला पाहा. नाना फडणीस पानिपताच्या मोहिमेत स्वतः होते. वय अठरा-एकोणीस, म्हणजे डोळे आणि स्मरण दोन्ही ताजे. महादजी शिंदेही त्या रणात होते आणि तेथेच पायाला जन्माची जायबंदी घेऊन परतले. या दोघांनी खऱ्या भाऊसाहेबांना पाहिले होते. ज्यांनी पाहिले होते ते 'नाही' म्हणत होते आणि ज्यांनी पाहिले नव्हते त्यांतले हजारो 'होय' म्हणत होते.

तेवढ्यावरून निकाल देऊन मोकळे व्हावे असे वाटेल. पण थोडे थांबा. नानांचा 'नाही' हाही निव्वळ आठवणीतून आला असे म्हणता येईल काय? भाऊसाहेब खरोखर परत आले असते तर बाल पेशव्याच्या नावाने चाललेला कारभार त्यांच्या हाती गेला असता. म्हणजे नानांची रेघ 'नाही'च्या बाजूला सरकायला सबळ कारण होते. आणि किल्लेदाराचा विचार करा. तो तटावर उभा, खाली फौज, आणि निरोप आला, की भाऊसाहेब आले आहेत, दरवाजा उघडा. खऱ्या भाऊसाहेबांना दरवाजा बंद ठेवला तर स्वामिद्रोह. तोतयाला उघडला तरीही स्वामिद्रोह. त्यात फौज दारात आणि पुणे लांब. अशा वेळी किल्लेदाराचा 'होय' हा डोळ्यांचा नसतो, हिशेबाचा असतो. ज्या घरातला मुलगा पानिपताहून आला नाही त्या घराचा 'होय' आणखी निराळा. भाऊसाहेब पंधरा वर्षांनी परत येऊ शकतात तर आमचाही येईल, ही त्यामागची आशा. या आशेला हसू नये. ती माणसे मूर्ख नव्हती. त्यांच्या दृष्टीने 'नाही' म्हणण्याची किंमत फार मोठी होती.

हे आपल्याकडेच घडले असे नव्हे. इंग्लंडात रॉजर टिचबोर्न नावाचा एका सरदारघराण्याचा वारस १८५४ मध्ये समुद्रात नाहीसा झाला. त्याच्या आईने आशा सोडली नाही. बारा वर्षांनी ऑस्ट्रेलियातून एक जाडजूड खाटीक आला आणि 'मीच तो' म्हणाला. रॉजरचे बालपण फ्रान्सात गेलेले, फ्रेंच त्याची पहिली भाषा. या गृहस्थाला फ्रेंच येईना. तरी आईने त्याला मुलगा म्हणून पोटाशी धरले. बाकीचे बहुतेक घराणे 'नाही' म्हणाले. पण गिरण्या-कारखान्यांतले आणि खेड्यातले गोरगरीब लोक त्याच्या बाजूने उभे राहिले, कारण बड्या लोकांनी एका साध्या माणसाचा हक्क बुडवला असे त्यांना वाटले. शेवटी १८७४ मध्ये त्याला चौदा वर्षांची शिक्षा झाली.

मग गरिबांची ओळख खोटी आणि थोरांची खरी, असा नियम करावा काय? तसेही नाही. बंगालमध्ये ढाक्याजवळच्या भावल जमीनदारीचा मधला कुमार १९०९ मध्ये दार्जिलिंगला वारला असे सांगितले गेले. १९२१ मध्ये अंगाला राख फासलेला एक संन्यासी ढाक्यात आला. बहिणीने आणि रयतेने त्याला ओळखले. पत्नी आणि तिचा भाऊ यांनी ओळख नाकारली. खटल्यात दोन्ही बाजूंचे मिळून दीड हजारांच्या आसपास साक्षीदार झाले. न्यायाधीश पन्नालाल बसू यांनी नुसत्या 'होय-नाही'च्या बेरजेवर विसंबून न राहता अंगावरच्या खुणांची बारकाईने तपासणी केली, आणि १९३६ मध्ये निकाल संन्याशाच्या बाजूने दिला. तोच निकाल १९४६ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये कायम झाला. येथे रयतेचा 'होय' खरा ठरला.

तात्पर्य, वय, घराणे, श्रीमंती, शिक्षण यांवरून ओळख खरी की खोटी हे ठरत नाही. रेघ कोठे पडण्याचा संभव आहे एवढेच कळते. पण तेवढे कळणेही फार मोलाचे आहे. गेल्या पन्नास-साठ वर्षांत याबाबत पुष्कळ प्रयोग झाले. त्यांतल्या खात्रीच्या तेवढ्या चार गोष्टी सांगतो.

पहिली, म्हाताऱ्या माणसांविषयी. वय झाले म्हणजे आठवण जाते, हे सरसकट खरे नाही. अमेरिकेत बाहरिक या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये सुमारे चारशे लोकांची, सतरा वर्षांच्या तरुणापासून चौऱ्याहत्तर वर्षांच्या वृद्धापर्यंत, परीक्षा घेतली. त्यांच्या शाळेतल्या सोबत्यांचे जुने फोटो इतर फोटोंत मिसळून दाखविले. शाळा सोडून तीस वर्षांवर काळ लोटलेल्यांनीही दहांपैकी नऊ चेहरे बिनचूक काढले. मग वृद्धांची अडचण कोठे येते? ती नव्याने, ओझरते पाहिलेल्या चेहऱ्यांबाबत येते. पाहिलेला चेहरा ते बऱ्याच वेळा ओळखतात. परंतु न पाहिलेल्या चेहऱ्यालाही तरुणांपेक्षा अधिक वेळा 'हा पाहिलेला आहे' म्हणतात. आयुष्यभरात इतके चेहरे पाहिलेले असतात, की नवा चेहरा कोणासारखा तरी वाटतोच.

बाहरिकने पुढे शिक्षकांचीही परीक्षा घेतली. आपले जुने विद्यार्थी ओळखण्याच्या बाबतीत प्राध्यापकांची आठवण फार लवकर ओसरते असे दिसले. तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, आपण लाजायचे कारण नाही. विद्यार्थ्याला एक शिक्षक लक्षात ठेवायचा असतो, शिक्षकाला दरवर्षी नवा वर्ग.

दुसरी गोष्ट मुलांविषयी. चेहरे ओळखण्याची शक्ती सावकाश वाढते आणि तिशीच्या सुमारास पूर्णत्वाला पोचते. पण मुलांची अडचण केवळ शक्तीची नाही. काही चेहरे समोर ठेवून 'यांतला कोण?' असे विचारले आणि खरा माणूस त्यांत नसलाच, तर मोठ्यांपेक्षा मुले अधिक वेळा कोणाकडे तरी बोट दाखवतात. मोठ्या माणसाने विचारले म्हणजे उत्तर असलेच पाहिजे, असे मुलाला वाटते. लग्नघरात आई विचारते, "ओळखलंस ना मामांना?" आणि मूल मान डोलावते. ती मान मामांसाठी नसते, आईसाठी असते.

तिसरी गोष्ट आपल्या-परक्याची. माणूस आपल्या वयाचे आणि आपल्या समूहाचे चेहरे अधिक अचूक ओळखतो. दूरच्या मुलखातली माणसे त्याला सगळी एकसारखी दिसतात. याचे मुख्य कारण सहवासाचा अभाव. बैल पाळणाऱ्याला आपले शंभरातले दोन बैल कळतात, शहरातल्याला सगळे बैल सारखे. स्त्रिया चेहरे ओळखण्यात पुरुषांपेक्षा किंचित सरस ठरतात, विशेषतः स्त्रियांचे चेहरे. हा फरक थोडा आहे, पण पुन्हा पुन्हा आढळलेला आहे.

चौथी गोष्ट खात्रीविषयी. 'मला अगदी पक्की खात्री आहे' असे साक्षीदार छातीठोकपणे सांगतो तेव्हा ऐकणारा भारावून जातो. पण ही खात्री नंतर वाढवता येते. पोलिसाने नुसते 'शाबास' म्हटले, चार शेजाऱ्यांनी दुजोरा दिला, वर्तमानपत्रात फोटो पाहिला, की ती दुप्पट होते. अमेरिकेत निरपराध असून शिक्षा भोगलेले आणि नंतर डी. एन. ए. तपासणीने सुटलेले जे शेकडो लोक आहेत, त्यांच्यापैकी दहांतील सुमारे सात जणांच्या खटल्यांत कोणीतरी चुकून 'हाच तो' म्हणून बोट दाखविले होते. ते साक्षीदार बहुधा खोटे बोलत नव्हते. त्यांची रेघ चुकीच्या जागी पडली होती.

आणि आपल्या महाराष्ट्रात काय झाले? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा मोबाइलवरून फिरत होती. लोकांनी टोळी पाहिलेली नव्हती. परंतु अनोळखी वेश आणि अनोळखी चेहरे दिसताच 'हेच ते' अशी ओळख पटली. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातून पोटासाठी आलेली ती माणसे होती. कोकणात १७७६ मध्ये न पाहिलेल्या भाऊसाहेबांची ओळख पटली तशीच ही न पाहिलेल्या टोळीची. तेथे आशेने रेघ सरकवली, येथे भीतीने.

यावर उपाय काय? उपाय आपल्या पूर्वजांना माहीत होता. आपल्या न्यायशास्त्रात ओळखीला 'प्रत्यभिज्ञा' असा शब्द आहे आणि 'तोच हा देवदत्त' हे तिचे ठरलेले उदाहरण आहे. त्यात 'तो' म्हणजे पूर्वी पाहिलेला आणि 'हा' म्हणजे आता पाहिलेला. दोघांना जोडणे हे बुद्धीचे काम. कालिदासाच्या शाकुंतलाच्या नावातले 'अभिज्ञान' म्हणजे ओळखीची खूण. दुष्यंताला चेहऱ्यावरून जे पटले नाही ते अंगठीने पटवले. आणि काशीराजाच्या हकीकतीतले ते सूर्यनमस्कारांचे घट्टे आठवा. ज्या खुणेत कोणाचा नफा-तोटा नाही, जी एका दिवसात तयार करता येत नाही, ती खूण चेहऱ्याहून बळकट. रोजच्या कामाचे घट्टे, बालपणीची भाषा, जुना वण, घरातल्यांनाच माहीत असलेली गोष्ट. ओळखीची कसोटी यांवर लावावी.

दुसरे, विचारणाऱ्याने आपली पद्धत सुधारावी. आपल्या पोलिसी तपासात ओळखपरेड होते. तिच्यात आणि गावकीच्या चौकशीतही हे नियम उपयोगी पडतील. साक्षीदारांना एकेकटे विचारावे, घोळक्यात नको. घोळक्यात पहिल्याचा 'होय' पाचवाही म्हणतो. 'हाच ना तो?' असे विचारू नये. 'तो माणूस यांत असेल किंवा नसेलही. नसला तर तसे सांगा,' हे आधी बजावावे. एवढ्या एका वाक्याने चुकीचे बोट दाखवणे कमी होते असे प्रयोगांत दिसले आहे. आणि साक्षीदाराची खात्री किती, हे त्याच क्षणी त्याच्याच शब्दांत टिपून ठेवावे.

शिक्षकांनी तर हा प्रयोग वर्गातच करून पाहावा. जुन्या मासिकांतून किंवा वर्तमानपत्रांतून अनोळखी माणसांचे वीस फोटो कापा. मुलांना एकेक करून दाखवा. दुसऱ्या दिवशी त्यांत आणखी वीस नवे मिसळा आणि प्रत्येकाला कागदावर 'पाहिला' किंवा 'नाही पाहिला' एवढेच लिहायला सांगा. मग दोन चुका वेगवेगळ्या मोजा. पाहिलेला किती वेळा नाकारला? न पाहिलेला किती वेळा स्वीकारला? पुढच्या वेळी तेच फोटो घेऊन मुलांच्या आजी-आजोबांना बोलवा. पुढे एकदा नवे फोटो घ्या आणि 'जो एकही चुकवणार नाही त्याला बक्षीस' असे सांगून पाहा. आठवण तीच राहील पण रेघ सरकेल. मुलांना गणित होईल, इतिहास कळेल, आणि साक्ष देणे ही किती जबाबदारीची गोष्ट आहे हेही समजेल.

पार्वतीबाईंच्या मरणानंतर मात्र भाऊसाहेबांचे उत्तरकार्य त्यांच्यासमवेत करण्यात आले. बावीस वर्षे जी गोष्ट सर्वांना ठाऊक होती ती एका बाईच्या निर्णयासाठी थांबून राहिली होती. तिच्या आठवणीत काही खोट नव्हती. आपली रेघ कोठे ओढायची हे तिने ठरवले होते, आणि त्या काळच्या समाजाने, पेशव्यांच्या घराण्यासकट, तिच्या त्या निर्णयाचा मान राखला. त्याच समाजाने तोतयाला मात्र चौकशीवाचून सोडले नाही, आणि चौकशीवाचून मारलेही नाही. एका घरातले दुःख आणि सर्वांचा न्याय यांना दोन वेगळ्या मापांनी मोजावे लागते, ही जाणीव त्यात दिसते.

तेव्हा उद्या कोणी समोर येऊन विचारील, "ओळखलंत का?" तर लाजू नका. "चेहरा ओळखीचा वाटतो खरा, पण नाव सांगा बुवा," असे सरळ म्हणा. आणि कोणाकडे बोट दाखवून 'हाच तो' म्हणण्याची वेळ आली, तर एक क्षण थांबून स्वतःला विचारा, की हे माझे डोळे म्हणताहेत, की माझी भीती, की माझी आशा? त्या एका क्षणाच्या थांबण्याने एखाद्याचा जीव वाचेल.